सुदामचा हाइट पास

"सिस्टर, परत एकदा बघा ना."

"अरे बाबा, तिसऱ्यांदा बघतेय. मशीन काय तुझं सोयरं लागतं, तुझ्यावर दया करायला?"

सुदामचा दंड पट्ट्यात होता आणि डोळे पाऱ्यावर. पारा दीडशे-शहाण्णवच्या खाली उतरायला तयार नव्हता. मी पट्टा सोडला. "आज नाही जमायचं," म्हटलं. 

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी पुष्कळ वर्षं नर्स होते. राहायला पेणला, सकाळची एसटी धरून यायचे. तेव्हा कंपनीत शटडाऊन चालू होतं, म्हणजे सगळा प्लांट बंद ठेवून दुरुस्ती उरकायची. टॉवरभोवती लोखंडी नळ्यांच्या परांच्या बांधायच्या, आणि त्या बांधायला कंत्राटदाराची माणसं वर चढायची. सुदाम त्यांतलाच. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहणारा, पस्तिशीचा, कामाला पक्का. वर चढायचं तर हाइट पास हवा, आणि तो माझ्या सहीशिवाय मिळत नसे. बीपीचा वरचा आकडा एकशेचाळीसच्या किंवा खालचा नव्वदच्या पुढे गेला की पास बंद.

आता खरं सांगते, एवढं बीपी म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. जमिनीवरचा माणूस असता तर म्हटलं असतं, घाबरू नकोस, नीट झोप, पुढच्या आठवड्यात परत दाखव. पण टॉवरच्या टोकाला चक्कर आली तर पुढचा आठवडा कोणी बघितलाय?

दाराशी आमचे सेफ्टी ऑफिसर देसाईसाहेब उभे. नियमाला कडक, आणि आवाज नियमापेक्षा कडक. "काय सिस्टर, सुदाम फेल?" असं त्यांनी विचारलं ते अख्ख्या रांगेने ऐकलं. लगेच रांगेतून कोणीतरी बोललं, "काय रे, बायकोने लाटणं दाखवलं काय सकाळी?" सगळे खो-खो हसले. सुदामही हसला. हसतच त्याने बाही खाली ओढली.

आदल्या दिवशीही तो असाच परत गेला होता. आता कंत्राटदाराने बजावलं, उद्या पास मिळाला नाय तर दुसरा माणूस आणतो. घरात दोन पोरं, बायको, आणि लेकीकडे राहायला आलेली सासू. त्याची झोप उडायला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सुदाम रांगेत पहिला. पट्टा बांधला, पारा चढवला, सोडला, आणि मीच चमकले. शंभर-साठ! नाडी धरली तर ती बैलगाडीसारखी सावकाश चाललेली. काल घोडा, आज बैल? रातोरात?

"काय खाल्लंस?"

"काय नाय."

"सुदाम, माझ्याकडे बघून बोल. काय खाल्लंस?"

त्याने मान खाली घातली. "सासूची गोळी. बीपीचीच हाय."

"एक?"

"दोन. एकीने नाय उतरलं तर, म्हणून."

"उपाशीपोटी?"

"व्हय."

मला असा राग आला म्हणता! त्याची सासू हमरापूरची, गणपतींना रंग मारण्यात जन्म गेलेली बाई. तिचं वय काय, ह्याचं काय! बीपीची गोळी ही डॉक्टरने एका माणसाच्या मापाने दिलेली असते. ही जी गोळी होती ती हृदयाचे ठोके मंद करणारी. सासूला औषध, तर जावयाला तीच गोळी टॉवरवरून खाली आणायची. त्याला उभा राहायला सांगितलं मात्र, त्याने टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

"आडवा हो आधी. मेल्या, आकड्यासाठी जीव देतोस काय?"

त्याला खाटेवर निजवला, पाय उशीवर ठेवले, कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. "हलू देऊ नका, बीपी बघत राहा, मी येतोच," म्हणाले.

तेवढ्यात देसाईसाहेब आत. टेबलावरचा कागद उचलून बघितला. "शंभर-साठ! मस्त की. द्या पास, माणसं कमी आहेत."

"नाही देणार."

"रीडिंग चांगलं आहे ना?"

"रीडिंग चांगलं आहे, साहेब. माणूस चांगला नाही."

"म्हणजे?"

गोळीची गोष्ट सांगितली तर गेटपास जप्त, हे मला ठाऊक होतं. नाही सांगितली आणि सही केली तर संध्याकाळपर्यंत काय झालं असतं, तेही ठाऊक होतं. मी म्हटलं, "उठला की चक्कर येते. डॉक्टरांना बोलावलंय. त्यांच्याआधी मी सही करणार नाही, तुम्ही वरून हुकूम आणलात तरी." साहेब चडफडत गेले.

सुदाम भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याला ग्लुकोज घातलेलं पाणी दिलं. थोडं थोडं पीत तो एकदम बोलायला लागला.

"सिस्टर, तुमच्या खुर्चीत बसलो का छाती धडधडते. वाटतं, फेल झालो तर घरी बसायला लागंल."

"ते कळलं रे. पण तुला पास मिळतो त्या दिवशी तरी बरं वाटतं ना?"

त्याने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "नाय. तवा जास्तच."

मागच्या कामाला परांचीवर त्याच्या पायाखालची फळी सरकली होती. कमरेला सेफ्टीचा पट्टा लावलेला होता म्हणून लोंबकळत राहिला. खालून पोरांनी शिट्ट्या मारल्या, "माकड, माकड" ओरडले. तोही हसत खाली उतरला आणि कोणाला काही बोलला नाही. तेव्हापासून डोळा लागला की फळी सरकायची.

"पास नाय मिळाला तर भीती, मिळाला तरी भीती," तो म्हणाला. "बायकोला पन नाय बोललो. आमच्यात भीती वाटते असं कोन बोलतो?" आणि त्याचे डोळे भरले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा तो, दुसरं काय करणार होते?

डॉक्टर आले. गोळीचा अंमल उतरेपर्यंत त्याला आमच्याकडेच ठेवला. त्यांच्या चिठ्ठीवर त्याची जागा आठवडाभर टिकली, आणि त्या दिवसांत मी त्याचं बीपी रांगेच्या वेळी न घेता दुपारी घेतलं. आधी लघवीला जाऊन ये, मग खुर्चीला पाठ टेकून स्वस्थ बस, बोलू नको, दार बंद. आकडे बरेच उतरले, पण अगदी नॉर्मल नाही. फळीचंही ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, "किंचित जास्त आहे, आणि काळजीने उसळी मारतं. लगेच गोळी नको. तंबाखू बंद कर, रोज चाल, मीठ कमी. अधूनमधून तपासून घे. वाढलं तर बघू. आणि ह्या भीतीचं आधी काहीतरी कर."

"मीठ कमी म्हंजे सुकी मासळी पन?" सुदामने विचारलं. एवढ्या सगळ्यात त्याला खरा धक्का बसला तो हाच.

भीतीचं काय करायचं ते मी सांगितलं. देसाईसाहेबांना बोलावू, तू स्वतः सांग, मी शेजारी बसते. तो आधी "नाय, नाय" करत होता. शेवटी तयार झाला.

साहेब आले. सुदामने सगळं सांगितलं, फळीचं आणि गोळीचंही. शेवटी म्हणाला, "साहेब, मला वर जायाची भीती वाटते." त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं, आता साहेबांचा आवाज अख्ख्या प्लांटला ऐकू जाणार.

साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"फळी सरकली तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सगळे हसले, साहेब."

"आणि मी?"

"तुमी ओरडला असता."

साहेब परत खुर्चीत बसले. मग हळू म्हणाले, "ओरडलो असतो खरा." गोळीसाठी त्यांनी त्याला सणसणीत झापला, पण गेटपासला हात लावला नाही. कंत्राटदाराशी बोलून त्याला खालचं काम मिळवून दिलं. फळ्या, नळ्या, त्या जोडणारे क्लॅम्प आणि वर चढणाऱ्यांचे पट्टे तपासायचे. चार पैसे कमी, पण रोज काम. दारात उभं राहून "फेल" ओरडायचंही त्यांनी बंद केलं.

काही महिन्यांनी सुदामची बायको रोह्याच्या बाजारात भेटली.

"काय गो, झोपतो काय आता नवरा?"

"झोपतो? घोरतो मेला! आता मलाच झोप नाय."

बीपी तोपर्यंत एकशेतीसच्या आसपास आलं होतं. अगदी पुस्तकातलं नव्हे, पण मी खूश होते.

दुसऱ्याची गोळी खाऊ नये, हा धडा मी भेटेल त्याला देते, आणि लोक मान हलवून शेजारणीची गोळी खातातच. दुसरा धडा सुदामचा. परांचीच्या पायथ्याशी उभा राहून तो वर चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "भीती वाटते काय रे?" जो "व्हय" म्हणायचा त्याचा पट्टा तो एकदा तपासायचा. जो "नाय" म्हणायचा त्याचा दोनदा.