न मोजलेले घड

नंदकुमार सरांनी पीएचडीसाठी एपीएल नावाची संगणकाची भाषा निवडली, तेव्हा कॉलेजात त्यांची भरपूर टिंगल झाली. साल एकोणीसशे शहाऐंशी. "अरे बाबा, सगळं जग फोर्ट्रानमध्ये लिहितंय, तुलाच कुठून सुचलं हे खूळ?" सर पडले हट्टी. बहादरपूरच्या केळीबागांचे चार वर्षांचे आकडे ही भाषा एका ओळीत उलगडायची. फोर्ट्रानमध्ये त्यालाच चार पानं लागत. इंदूरच्या संगणक केंद्रात हे पाहिलं आणि गडी जो भुलला तो भुललाच!

पण भाषेची चिन्हं म्हणजे चौकटीत कोंडलेला भागाकार, काडी खुपसलेलं वर्तुळ, असली चित्रं. टाइपरायटरवर ती कुठून येणार? टायपिस्टनं प्रबंधात मोकळ्या जागा सोडल्या आणि हात वर केले. मग बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या घरात सरांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, बैठक मारली. दहावी पास, बहादरपूरच्या केळीवाल्यांची लेक. पाच प्रतींत एकेक चिन्ह त्यांनी काळ्या शाईनं हातानं काढलं. काढता काढता विचारायच्या, "अहो, ह्याचं काम काय?" सर सांगायचे. पाचवी प्रत संपेतो बाईंना ती भाषा वाचता यायला लागली होती. अख्ख्या बुऱ्हाणपुरात ती वाचणारी माणसं दोन, आणि दोघं एकाच घरात!

तोंडी परीक्षा इंदूरला. डबा घेऊन मालतीबाईही गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. सरांचा जीव टांगणीला. त्या महिन्यात पदवी हातात पडली नाही, तर विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला जाणार होती.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मला ही भाषा येत नाही. तुमच्याशिवाय दुसरं कुणी वाचून दाखवलं तर सही करतो. नाहीतर सगळं फोर्ट्रानमध्ये लिहून आणा."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं कोण आणायचं?

"मी वाचू का?" मागून मालतीबाई म्हणाल्या.

पदर सावरत त्या पुढे आल्या. ती भाषा उजवीकडून वाचायची असते, तसं बोट सरकवत त्या सांगू लागल्या. "हे बागेतून कापलेले घड. केळीच्या एका झाडाला एकच घड, म्हणून लावलेल्या झाडांतून ते वजा करायचे. उरली ती रोगानं गेलेली झाडं." आणि थांबल्या. आजवर एकेक चिन्ह काढलं होतं. सगळी ओळ मोठ्यानं आजच बोलल्या होत्या.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

सर नजरेनंच विनवत होते, आता गप्प बस गं.

"साहेब, वाचलं बरोबर, पण हे खरं नाही. ही सगळी झाडं मेली नाहीत. आमच्याकडे घड लेकीबाळींच्या सासरी जातात, देवाला जातात. दिलेलं कुणी मोजत नाही. ह्यांनी विचारलं तर माझ्या भावानं, भिकननं, गाडीत भरलेले तेवढेच सांगितले. चार वर्षं माझ्या घरी आलेले घड इथं रोगानं मेलेत, साहेब!"

आणि ते खाल्ले होते खुद्द सरांनी. परीक्षकांनी सही केली नाही.

परतताना खंडव्यापर्यंत सर प्रबंधातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मग हळूच म्हणाले, "असे किती निघतील गं?"

"बायांना विचारावं लागेल. माणसांना नाही सांगता येणार."

खुर्ची गेली. पण पुढचं वर्षभर दर रविवारी दोघं बहादरपूरला जायची. मालतीबाई चुलीपाशी बसून विचारायच्या, कुणाच्या नणंदेकडे किती गेले, कुणाच्या लेकीकडे किती. सर ओट्यावर वही घेऊन ऐकायचे. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढली, पदवी मिळाली. खुर्चीची हळहळ सरांना वाटली, खोटं कशाला बोला. पण ते रविवार त्यांना अजून आठवतात. तसं सुख पुन्हा नाही मिळालं.

मालतीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. प्रबंधातली त्यांची चिन्हं तशीच काळीभोर आहेत. वाचणारे आता सर एकटे. परवा भिकन आला, पिकल्या केसांचा, खांद्यावर घड घेऊन.

"दाजी, धरा. ताईचा घड."

"अरे, आता कशाला?"

"कशाला म्हणजे? ताईचा तो ताईचा."

सरांनी घड दोन्ही हातांनी घेतला. मग विचारलं, "यंदा गाडीत किती भरले?"

"अठराशे चाळीस."

सरांनी वही उघडली आणि अठराशे एक्केचाळीस लिहिले.