फळ्यावरची वेळ आणि माझी अष्टमी: वेल्सच्या किनाऱ्यावर आठ दिवस

वेल्सला जायचं माझ्या कधी मनात आलेलं नव्हतं. मार्चमध्ये कळव्याच्या मच्छी बाजारात पाय घसरला आणि मनगट मोडलं. मोडलं माझं, घाबरला मुलगा. नितेश तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे, चार वर्षं झाली. त्याने फोनवरच ठरवून टाकलं. "आई, बाजारातली जागा सोड आता. सहा महिने माझ्याकडे राहा, सहा महिने डोंबिवलीला ताईकडे. आधी येऊन बघ तरी. बघ आणि जायच्या आधी हो की नाही ते सांग." तेवीस वर्षं ज्या ओट्यावर बसले तो सोडायचा की नाही, एवढ्यासाठी मला विमानात घातलं.

हे लिहितेय ते ज्यांची मुलं "ये ना, सगळं फिरवतो" म्हणतात त्या आयांसाठी. माझी शाळा चौथीपर्यंत. मी फोनमध्ये बोलते, फोनच लिहितो, चुका सून काढते. गावांची नावं मी देणार नाही, कारण ती मला बोलता येत नाहीत. फोनवर पेम्ब्रोकशायर टाका, बाकी तो दाखवेल.

लंडनला उतरून गाडीने पाच तास. शेवटचा तास अशा रस्त्यांवरून की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झाडांचं कुंपण आणि मधे एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून ट्रॅक्टर आला की आपण मागे जायचं. नितेश तीनदा मागे गेला आणि तिन्ही वेळा समोरच्याने हात वर करून आभार मानले. माजिवड्याच्या सिग्नलला असं कोणी केलं तर मागचे वेड्यात काढतील. कुंपणाच्या पलीकडे काय आहे म्हणून मी मान उंच करून बघितलं. मेंढ्या. पुढचे आठ दिवस मी काय बघितलं असं कोणी विचारलं तर उत्तर तेच.

पहिल्या दिवशी किल्ला. गाडी लावायचे वेगळे पैसे, आत जायचे वेगळे. भिंती दणदणीत आहेत, खोटं कशाला बोलू, पण आत गवत. एवढं गवत कापून ठेवलंय आणि त्यावर लोक नुसते बसलेत.

"कसा वाटला, आई?" स्नेहलने विचारलं. स्नेहल म्हणजे सून, डोंबिवली पूर्वेची, बँकेतल्या माणसाची मुलगी.

"कल्याणचा दुर्गाडी फुकट आहे," मी म्हटलं. "वर देवी पण आहे."

ती हसली. नितेश नाही हसला. तो दर जागेनंतर माझं तोंड बघायचा, गिऱ्हाईक मासा परत ठेवतंय की पिशवीत टाकतंय ते आम्ही बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी बोटीने पक्षी बघायला. चोच रंगीत, चाल दारू प्यायल्यासारखी. बघण्यासारखे आहेत, पण वाऱ्याने कान बधिर होतात. जून आहे म्हणून स्वेटर न घेता जाऊ नका. तिकडचा जून म्हणजे आपला जानेवारी, वर ओला. किनाऱ्यावर मासा आणि बटाट्याचे काप खाल्ले, तिघांत दोन प्लेटी पुरल्या. माशाला मीठ नाही, मसाला नाही, जाड पिठाची गोधडी घातलेली. एका सीगलने स्नेहलच्या हातातून काप पळवला. हेच पक्षी थंडीत आमच्या ठाण्याच्या खाडीत येतात आणि लोक त्यांना शेव घालतात. तिथे सवय लागत असणार, इथे येऊन चोऱ्या करतात.

आणि तिकडचं एक खाणं आहे, समुद्रातलं शेवाळ शिजवून काळा लगदा करतात आणि नाश्त्याला खातात. नितेश म्हणाला, "आई, हे इथलं खास आहे." मी म्हटलं, "आपण हे पायाने बाजूला करतो." चमचाभर खाल्लं. लसणाची फोडणी दिली असती तर गेलं असतं. छोटे गोड केक मात्र चांगले, तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले. ते घ्या, सहा घ्या, एक पुरत नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस. दिवसभर काचेतून मेंढ्या.

चौथा दिवस मी नीट सांगते, कारण चूक माझी आहे.

किनाऱ्याला लागून एक खडकाळ बेट आहे. ओहोटीला दगडांची आणि वाळूची वाट उघडी पडते, चालत जायचं. भरतीला वाट पाण्याखाली. तिकडे सील दिसतात म्हणून लोक जातात. आम्ही साडेनऊला पोचलो. वाट दिसत होती, कडेला थोडं थोडं पाणी. सुरुवातीला एक टपरीसारखी खोली, तिला कुलूप, आणि बाहेर फळा. नितेशने वाचलं. "नऊनंतर जाऊ नका लिहिलंय. परत चारला उघडेल."

आता माझं ऐका. मी कळव्याच्या खाडीकाठी जन्मले, तिथेच दिलेली. लग्नाआधीपासून शिंपल्या, चिंबोऱ्या, निवट्या काढायला चिखलात उतरते. आम्हाला घड्याळ लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. शाळेत शिकले त्यातला पाऊणकीचा पाढा तेवढा जन्मभर कामाला आला. त्या दिवशी अष्टमी. कॅलेंडर मी बॅगेत घालूनच नेलेलं. आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती.

"पाणी उतरतंय अजून," मी म्हटलं. "बाराला पार कोरडं होईल. खुशाल दोनपर्यंत बसा."

"फळ्यावर तसं नाहीये, आई," स्नेहल म्हणाली.

"फळा कालचा नाहीतर मागच्या आठवड्याचा असेल. कुलूप लावून गेलाय माणूस, पुसायला कोण येणार?"

आपल्याकडे कुठला फळा कोणी वेळेवर पुसलाय? एसटी स्टँडवरचा? तलाठ्याच्या ऑफिसातला? मी साधा विचार केला. स्नेहलने फोन काढला, रेंज नव्हती.

"नको जाऊया," ती नितेशला म्हणाली. "लिहिलंय ना स्पष्ट."

नितेश म्हणाला, "अगं, आईची वेळ कधी चुकलेली नाही. लहानपणी मी हिच्या मागेमागे चिखलात जायचो. ही म्हणाली चल की चल." आणि चपला हातात घेऊन तो पुढे निघालासुद्धा. चार दिवसांत पहिल्यांदा तो खुशीत दिसला.

सील दिसले. पाच होते, ओल्या पोत्यांसारखे पडलेले. मी चपात्या आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली, वाऱ्याला पाठ करून खाल्लं. मग सहज खाली बघितलं तर पाण्यावरचा फेस आत चाललेला. बाहेर नाही, आत. मगाशी ज्या दगडावर टेकून चपला घातल्या तो दगडच दिसत नव्हता.

मला तेव्हाच कळलं. खाडीत जन्म गेलेल्या बाईला फेस कुठे चाललाय ते कळत नाही का? पण मी बोलले नाही. दोन मिनिटं मी चपाती चावत बसले, कारण माझी वेळ चुकली हे मला तोंडाने म्हणायचं नव्हतं. ती दोन मिनिटं मी अजून विसरले नाही.

"नितेश," मी म्हटलं, "उठ. पाणी भरतंय."

वाटेपर्यंत धावलो. मधल्या भागात पाणी मांडीला लागेल एवढंच, पण ओढ होती, खडकांतून घुसणाऱ्या पाण्याला असते ती. स्नेहलला पोहता येत नाही. नितेश म्हणाला, "मी तिला उचलून नेतो, मग तुला घ्यायला येतो." आणि त्याने पाय आत घातला. मी मागून त्याची कॉलर धरली, धडधाकट हाताने नाही, त्या मोडलेल्याच हाताने.

"एक पाऊल टाकलंस तर बघ."

"आई, सोड. एवढंसं तर आहे."

"एवढंसंच घेऊन जातं. वर चल."

पलीकडे नारिंगी जाकिटातला एक म्हातारा आला होता, टपरीवाला. तो दोन्ही हात खाली दाबून दाखवत होता. बसा, बसा. आम्ही बसलो. साडेदहापासून चारपर्यंत. बाराला, जेव्हा माझ्या हिशोबाने पार कोरडं व्हायचं होतं, तेव्हा वाटेवर दोन पुरुष पाणी असेल.

थंडीने स्नेहलचे दात वाजत होते. माझी शाल तिला दिली. ती एक शब्द लागेल असा बोलली नाही, आणि मला ते जास्त लागलं. सासूला बोलायची एवढी चांगली संधी परत मिळत नाही.

बऱ्याच वेळाने नितेश म्हणाला, "फळा बरोबर होता."

"हो."

"मी वाचला होता."

"मग ऐकलंस कोणाचं?"

"तुझं. तुझंच ऐकतो ना मी."

"म्हणूनच मी इथे राहणार नाही," मी म्हटलं. "तू मला विचारून पाण्यात उतरणार, आणि इथलं पाणी मला माहीत नाही. आज तिला घेऊन उतरत होतास."

त्याने पँटचे ओले पाय पिळले. मग म्हणाला, "आणि तू तिकडे एकटी घसरून पडतेस ते?"

"पडले तर पडले. तिकडे मला फळा लागत नाही."

"ताईला रोज फोन करशील?"

"करीन."

"आणि चिखलात उतरायचं नाही आता."

"ते बघू."

"बघू नाही, आई," स्नेहल शालीतून बोलली. "नाही म्हणा." साडेपाच तासांत तिचं तेवढंच एक कडक वाक्य.

"बरं. नाही," मी म्हटलं.

चारला वाट उघडली तेव्हा म्हातारा अर्ध्यापर्यंत आम्हाला घ्यायला आला. ओरडला नाही. टपरीत नेऊन दुधाचा चहा दिला, पाणचट, पण गरम. मी नितेशला म्हटलं, त्याला सांग चूक माझी, पोराची नाही. नितेशने सांगितलं की नाही कोण जाणे, म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता. मग त्याने भरती-ओहोटीचं छोटं पुस्तक स्नेहलच्या हातात ठेवलं. ती बँकवाल्याची मुलगी, घरी जाईपर्यंत माझं कॅलेंडर आणि ते पुस्तक मांडीवर घेऊन बोटाने जुळवत बसली.

"आई, तुमचा पाढा चुकलेला नाही," ती म्हणाली. "इथे त्यात सहा तास मिळवायचे. साधारण रोज तेवढाच फरक येतोय."

उरलेल्या दिवसांत अजून एक किल्ला झाला, एक दीपगृह झालं, मेंढ्या होत्याच. नितेशने परत कसं वाटलं म्हणून विचारलं नाही, आणि मला थोडं बरं बघता आलं. दीपगृह चांगलं आहे. पायऱ्या फार आहेत.

तुम्ही जाणार असाल तर जा. स्वेटर न्या, बोंबलाची चटणी न्या, पार्किंगला कार्ड चालतं. कुठल्याही बेटावर पाऊल टाकायच्या आधी फळा वाचा. तिकडे तो रोज पुसतात.

मी परत येऊन तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसले. शेजारच्या कमळीने विचारलं, "काय काय बघितलंस गं?" मी म्हटलं, "मेंढ्या." ती म्हणाली, "एवढ्यासाठी गेलीस?" बाजारातली जागा सोडलेली नाही. चिखलात उतरलेले नाही.

रविवारी दोघं समुद्रावर फिरायला जातात. निघायच्या आधी नितेशचा फोन येतो. "आई, आज तिथी कुठली?" हातात फोन आहे, गाडीत ते पुस्तक आहे, तरी विचारतो. मी म्हणते, "फळा वाच, मला काय विचारतोस."

पण तोवर माझं मोजून झालेलं असतं. अष्टमी असली की आठ पाऊणे सहा, आणि तिकडचे सहा, बारा.