चंबूतला वास

इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना नुकताच उभा राहिला होता. एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. तिथल्या प्रयोगशाळेत मी उसाचा रस तपासायचो. यंत्रं बसवायला विलायतेहून आलेला एक इंजिनियर एका रविवारी सकाळी बाटली नि पेला घेऊन आत आला. चेहरा पार उतरलेला. घरून मागवलेली द्राक्षाची दारू इथल्या उन्हानं बिघडली, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या पसरट पेल्यात ओतून मी हुंगलं. नुसता आंबूस वास. मग आम्ल मोजायला थोडी काचेच्या नव्या चंबूत घेतली, हलवली आणि सवयीनं अरुंद तोंडाशी नाक नेलं. मी दचकलोच! फळांचा असा घमघमाट की जणू दारूच बदलली होती.

साहेबाला पटेना. योगायोगानं वडील लोणी भापकरहून कारखाना बघायला आले होते, त्यांना आत बोलावलं. ते गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करणारे गुळवे. वासावरून काकवीचा कस सांगायचे. गळ्यात माळ, त्यामुळं दारू बघूनच मागं सरले.

"तात्या, प्यायची न्हाय, नुसता वास घ्यायचा," मी म्हणालो.

त्यांच्याच उपरण्यानं डोळे बांधले. पेला नाकाशी धरला.

"हे आंबलंय."

मग चंबू. ते थांबले, पुन्हा हुंगलं.

"ही दुसरी हाय. पिकली जांभळं… अन् मागनं ताजी काकवी."

मी तीनदा क्रम बदलला, तिन्ही वेळा तेच उत्तर! डोळ्यांवरचं उपरणं सोडून मी ओरडलोच, "एकाच बाटलीतली हाय, तात्या!"

"न्हाय! माझ्यासमोर वत बघू."

पेल्यातली दारू त्यांच्यादेखत चंबूत ओतली. हुंगताच त्यांचे डोळे विस्फारले.

"आरं तिच्या मारी! पसरट भांड्यातनं वास उडून जातुया. हितं कोंडून ऱ्हातुया!"

मी इंग्रजीत सांगेपर्यंत साहेबानं चंबूच तोंडाला लावला होता. एक घोट घेतला, डोळे मिटले आणि तो एवढ्यानं हसला की बाहेरचा पहारेकरी धावत आला. साहेबानं वडिलांचा हात धरून गदागदा हलवला. ते लाजले, पण हात सोडवून घेतला नाही.

त्या दिवसापासून साहेबाच्या बंगल्यावर पाहुण्यांना दारू चंबूतून मिळायची. पाहुणे आधी हसायचे, मग दुसऱ्यांदा मागायचे. वडिलांनी मात्र निघताना मला बाजूला घेतलं. "मला बी एक दे की. काकवी त्यात घालून वास घिऊन बघतो."

मी स्वतः शहरातल्या बाजारातून तसलाच काचेचा चंबू आणून दिला. त्या हंगामात तो बघायला आजूबाजूचे गुळवे आमच्या गुऱ्हाळावर रांग लावून उभे होते.