राखणदाराचा वाटा

जंगलाकाठच्या मोहर्लीच्या अलीकडे एका गावात वारलूने तीन हिवाळे राखण केली. त्याची स्वतःची एकरभरही जमीन नव्हती. शहरातले शौकीन शिकारी जीप घालून लोकांचं उभं धान तुडवत, म्हणून गावानेच ठरवलं होतं, की दर खळ्यावरून वारलूला टोपलीभर धान द्यायचं आणि त्याने घुसणाऱ्यांना अडवायचं. नाहीच ऐकलं तर ठाण्यात वर्दी द्यायची.

छप्पन सालच्या हिवाळ्यात शिकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. जीप मोठ्या शेतकऱ्याच्या, गुणवंतरावांच्या धानातून आरपार गेली. वारलू आठ कोस चालत ठाण्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी जमादाराला घेऊनच परतला.

जमादाराने चावडीवर सगळ्यांना विचारलं. गुणवंतराव खाली पाहत म्हणाले, "जीप? मले तं नाई दिसली."

"भाऊ, तुमचंच धान लोळलं ना!" वारलू ओरडला. एकानेही मान वर केली नाही. जमादार त्यालाच चार शिव्या हासडून निघून गेला.

घरी चुलीवर मटण शिजत होतं. त्याची बायको भागीरथा हरखून म्हणाली, "शिकारी सांबर टाकून गेले. घरोघर वाटा झाला."

गावाची जुनी रीत होती. ज्याने वाटा घेतला तो शिकारीत सामील, त्याने साक्ष द्यायची नाही.

वारलूने विचारलं, "अन् तू घेतला?"

"घेतला नं. राखणदाराचा म्हणून आपल्याले दोन बोट्या जास्तच देल्ल्या."