तिच्या खुब्याचं हाड

स्पिरिटचा वास आला की धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातली ती बंद, थंडगार खोली आठवते. बायकोचा खुबा मोडला, तेव्हा ऑपरेशनात काढलेला हाडाचा तुकडा अभ्यासाला ठेवायला आम्ही हो म्हटलं होतं. पुढं थोड्याच दिवसांत ती गेली. अस्थी तापीत सोडल्या, मग तो राहिलेला तुकडाही सोडावा म्हणून मी डबा घेऊन तिथं गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो बशीत, गुलाबी पाण्यात ठेवला होता. "बघता का नाना?" म्हणत त्यांनी बशीवर बारीक बघायची मोठी दुर्बीण लावली अन् शेजारचा पडदा उजळला. काळोखात हिरवे ठिपके होते, त्या हाडातल्या पेशी म्हणे, प्रत्येकाला केसासारखे धागे, अन् त्यातला एक धागा हळूहळू शेजारच्या ठिपक्याकडं सरकत होता. "ताई, हाई जित्तं शे?" "हो नाना. या गुलाबी पाण्यातून आम्ही त्याला खाऊ घालतो." "मंग त्या दिन तापीमा मी काय सोडं?" त्या म्हणाल्या, "न्यायचं तर न्या. पण बाहेर काढलं की मरेल." मी रिकामा डबा परत पिशवीत ठेवला अन् विचारलं, "तुम्ही आज जेऊ घालं का तिले?" अजून ताटावर बसलो की पहिला घास हातातच राहतो, वाटतं, तिकडं तिचं झालं असेल का.