सदानंद मास्तरांच्या चाली

बहरीनच्या माहूज भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर सदानंद मास्तर राहायचे. नोकरीने स्टोअरकीपर, पण मनाने मल्याळी सिनेमाचे संगीतकार. हे दुसरं व्हिसावर लिहिलेलं नव्हतं, एवढंच. मद्रासला अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. चाली यांनी बांधायच्या आणि पडद्यावर नाव साहेबांचं झळकायचं! शेवटी स्वतःच्या नावाचा एक सिनेमा मिळाला, तोही डब्यातच पडून राहिला. मग घर चालवायला त्यांनी बहरीन गाठलं.

दर शुक्रवारी त्यांच्या खोलीवर पेटी निघायची आणि तबल्याला दाजी बसायचा. दाजी गुहागरकडचा, लाँड्रीची व्हॅन चालवणारा. मल्याळम त्याला ओ की ठो कळत नसे, पण मास्तरांच्या चालींवरून गडी जीव ओवाळून टाकायचा. पुढेमागे सिनेमा मिळालाच तर म्हणून मास्तर त्या चाली जपून ठेवत होते. फक्त दाजीला त्यांनी टेप करू दिल्या, तेही गाडीत एकट्याने ऐकायला.

एकट्याने ऐकेल तो दाजी कसला! व्हॅनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला तो कौतुकाने ऐकवायचा. सुट्टीवर निघालेला कुणी मल्याळी भेटला की एक कॉपी त्याच्या हातात. वर नाव लिहायला मल्याळम येत नव्हतं, म्हणून कॅसेटवर नुसतं ‘गाणी’ लिहायचा. आपण मास्तरांचं नाव मोठं करतोय, असं त्या भाबड्याला मनापासून वाटत होतं.

पंच्याण्णवच्या जुलैमध्ये कलाकारांच्या एका ताफ्याबरोबर कोचीचा एक दिग्दर्शक बहरीनला आला. त्याला नव्या सिनेमासाठी चार गाणी हवी होती. शुक्रवारी सकाळी तो मास्तरांच्या खोलीवर चाली ऐकायला येणार, असं ठरलं. मास्तरांनी एक्कावन्न ओलांडलं होतं. ही संधी हुकली तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे ते जाणून होते.

मास्तरांनी पहिली चाल सुरू केली. पहिली ओळ संपते न संपते तोच दिग्दर्शक दुसरी गुणगुणला. दाजी तबल्यावर खूश! बघा, साहेबांनाही पाठ आहे! दुसऱ्या चालीलाही तेच झालं. तिसऱ्या वेळी मात्र मास्तरांचा हात थांबला आणि दाजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते पांढरंफटक पडलं होतं.

दोघं मल्याळममध्ये बराच वेळ बोलत राहिले. मग मास्तर दाजीकडे वळले. “बोलता है, ये गाना उसके गाँव में सब गाता है. मंदिर में रोज बजता है. बोलता है, मास्टर चोरी का माल सुनाता है.”

दाजी दिग्दर्शकाकडे वळून ओरडलाच, “साब, सब इनकाच है! कॅसेट मैंने बाँटा. गलती मेरा है!”

दिग्दर्शक भला माणूस होता. “मान लिया,” तो म्हणाला. “लेकिन लोग सुन चुके. पुराना गाना कौन लेगा? कल मेरी फ्लाइट है. आज कुछ नया बना, तो बात करेंगे.”

मास्तरांनी पेटी पुढे ओढली. बहरीनमधल्या सात वर्षांची साठवण एका सकाळीत मातीमोल झाली होती, तरी माणूस एका शब्दाने चिडला नाही. चिडले असते तर दाजीला बरं वाटलं असतं.

“दाजी,” ते हळूच म्हणाले, “तुम नीचे जाओ.”

दाजी बाहेर आला. जिन्यावर पोचतोय तोच दारामागे पेटी वाजू लागली. चाल नवीन होती, आणि गोड होती. कठड्यावर आपली बोटं ठेका धरायला लागली आहेत हे ध्यानात येताच तो दचकला. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, धडाधड चार मजले उतरला आणि भर दुपारच्या उन्हात व्हॅनमध्ये जाऊन बसला.

दोन तासांनी दिग्दर्शक खाली आला. जाता जाता म्हणाला, चारातलं एक गाणं मास्तरांना मिळालं.

दाजी धावतच वर गेला. मास्तर पेटी झाकत होते.

“कैसा बना, मास्टरजी?” त्याने भीत भीत विचारलं.

मास्तरांनी वर पाहिलं नाही. “सिनेमा आयेगा, तब सुनना.”

दाजीने मान डोलावली आणि गुपचूप तबल्यावर गवसणी चढवली.