ड्रॅगनला दंड किती वेळा?

"ड्रॅगन मेला!" सुनील ओरडला.

"काऊन मेला बे? पाच जोर हाय त्याचा!" रहीमभाईंनी पत्त्यावर पंजा ठेवला.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पंच मी होतो.

मी नांदुऱ्यात कापूस खरेदी करतो. पत्त्यांशी माझा संबंध नव्हता. त्या वर्षी बीटी बियाण्याच्या एका कंपनीने प्रत्येक पाकिटात राक्षस-योद्ध्यांचं एक कार्ड टाकलं होतं. पोरांसाठी असेल. पण लिलावासाठी कापसाच्या गाड्या ताटकळतात, तेव्हा बापच खेळायला लागले. सुनील आणि रहीमभाई या दोन शेतकऱ्यांची फायनल कंपनीच्या फील्ड ऑफिसरने माझ्याच आवारात ठेवली. बक्षीस फवारणीचा बॅटरी पंप. "शेठ, तुमचा शब्द सगळे मानतात," म्हणाला. मीही फुगलो. चहासुद्धा मीच पाजला.

भांडण असं. प्रत्येक कार्डावर जोराचा आकडा असतो. हल्ला केलेलं कार्ड थकतं आणि थकलेल्याला लढाईत दोनचा दंड बसतो. रहीमभाईंचा ड्रॅगन सातचा. थकून पाचवर आला. सुनीलचा चारचा योद्धा त्याच्यावर गेला आणि मेला. सुनीलने आपला शेवटचा, तोही चारचाच, पाठवला. त्याचं म्हणणं, लढाई नवी, आणखी दोन कापा, ड्रॅगन तीनवर. रहीमभाई म्हणत, थकवा तोच, जोर पाचच.

"नियम काय?" मी ऑफिसरला विचारलं. त्याने कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला आणि ठेवून म्हणाला, "पंच सांगतील तो नियम."

"म्हणजे पगार तुम्ही घ्यायचा अन् शिव्या मी खायच्या?"

तो हसला. ते हसू मला अजून खुपतं.

मला सुनीलचं पटत होतं. कापायला जागा दिसली की मी कापतो, धंदाच तो आहे. "दंड प्रत्येक..." एवढं बोललो, तोच रहीमभाई म्हणाले, "थांबा शेठ. कापूस ओला निघाला तर लिलावात भाव पाडता ना?"

"पाडतो."

"मंग काट्यावर वजनातून पुन्हा काऊन कापता? ओल तर एकच हाय!"

मागचे गाडीवाले पुढे सरकले. वजनातल्या या वजावटीला आम्ही कटती म्हणतो. सगळेच व्यापारी घेतात. पण आता दंड दोनदा म्हणालो, तर मी दुहेरी कापतो हे सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं. एकदाच म्हणालो, तर उद्या कटती कोणत्या तोंडाने मागू?

मी सौद्यावर आलो. "पंप दोघांत घ्या."

"टाकी त्याले अन् नळी मले?" रहीमभाई म्हणाले. सगळं आवार हसलं.

माझं डोकं फिरलं. "थकवा एक, दंड एक! ड्रॅगन जिवंत! न्या तो पंप!" रागात लोक खरं बोलतात म्हणे. मी फक्त महाग बोलतो. लगेच सावरलो, "हे पत्त्यांपुरतं हं!" पण टाळ्यांत कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या सकाळी काट्यावर पहिली गाडी सुनीलची. कापूस ओला.

"भाव पाडला ना शेठ? मंग आता कटती नाही."

"अरे, तूच तर दर लढाईला दंड मागत होतास!"

"काल योद्धा माहा होता. आज ड्रॅगन माहा हाय."

मागे गाड्यांची रांग खदखदत होती. मी पूर्ण वजन लिहिलं. त्या हंगामात माझ्या काट्यावरची कटती गेली ती गेलीच.

पंच जरूर व्हावं. पण जिथे आपला काटा नाही, अशा गावात.